रस्त्याच्या अंदाजपत्रकात इतिहासाचे कलम

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. इकडे नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्त्यांचे रुंदीकरण, बाह्यवळणे, पूल आणि वाहनतळ यांची चर्चा चालू आहे. या चर्चेत किती मिनिटे वाचतील, किती वाहने मावतील आणि किती भाविक किती वेळात रामकुंडावर पोहोचतील हे प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत. मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी लेणी, मंदिरे, वाडे, गढ्या आणि संग्रहालये उभी आहेत त्यांचे काय करायचे, हा प्रश्न तेथे फारसा येत नाही. आलाच तर तो पर्यटन विभागाचा किंवा पुरातत्त्व खात्याचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे. रस्त्यालगतच्या ऐतिहासिक स्थळापर्यंत प्रवाशाला नीट पोहोचवण्याची आणि तेथे थांबण्याची सोय करण्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यावर असली पाहिजे, आणि गटारे, दुभाजक व झाडे यांचा खर्च जसा मूळ अंदाजपत्रकात धरला जातो तसाच या सोयीचाही खर्च तेथेच धरला गेला पाहिजे.

हे म्हणणे ज्यांना नवे आणि खर्चिक वाटेल त्यांनी एकदा पांडवलेणीच्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत जाऊन यावे. मुंबई–आग्रा महामार्गाला अगदी लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत, आणि त्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या त्या मजकुराचा बराचसा भाग प्रवाशांच्या सोयीविषयी आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि नालासोपारा, येथे त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली. विहिरी, तळी आणि बागा केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर प्रवाशांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्यासाठी सभा व पिण्यासाठी पाणपोया घातल्या. ही नावे नकाशावर जोडत गेले की माळवा आणि गुजरातेतून कोकण किनाऱ्याकडे व घाटमाथ्याकडे जाणारे जुने व्यापारी मार्ग डोळ्यांसमोर उभे राहतात. उषवदात मुळात दानशूर होता, की सासऱ्याच्या राज्यातली जकात वाहती राहावी म्हणून दक्ष होता, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. मला दुसरा पर्यायही तेवढाच शक्य वाटतो. रस्ता, नदीपार, मुक्काम, पाणी आणि डोंगरातले लेणे या गोष्टी त्याने एकाच लेखात, एकाच दमात मोजल्या आहेत, आणि मुद्दा तेवढाच आहे. त्यांची पाच खात्यांत विभागणी करण्याची कल्पना नंतरची आहे.

लेणी एकांतासाठी खोदली गेली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पश्चिम महाराष्ट्राचा नकाशा तो पूर्णपणे खरा ठरवत नाही. जुन्नरच्या परिसरातील लेणी नाणेघाटाच्या वाटेशी, कार्ले आणि भाजे बोरघाटाशी, तर नाशिकची लेणी थळघाटाशी जोडलेली आहेत. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे, आणि तोही वाटेवरच्या लेण्यातच. व्यापारी थांबत होते, दान देत होते, भिक्षूंची वर्षावासाची, म्हणजे पावसाळी मुक्कामाची, सोय होत होती आणि वाटसरूला निवारा मिळत होता. इंग्रजांनी थळघाटातून आधी गाडीरस्ता आणि मग रेल्वे नेली ती त्याच खिंडीच्या आधाराने, आणि आजचा महामार्ग पांडवलेणीच्या पायथ्याशी येतो तोही त्यामुळेच. म्हणजे ऐतिहासिक स्थळे रस्त्याच्या वाटेत आली, असे म्हणणे उलटे आहे. ती तेथे आहेत याचे कारणच रस्ता आहे. रस्त्याचे व्यवस्थापन आणि स्थळाचे व्यवस्थापन एकमेकांना अनोळखी असावे, हे म्हणून मला विशेष खटकते.

आजच्या प्रवाशाच्या वाट्याला काय येते ते पाहू. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या गाडीतून डोंगराच्या पोटात काळ्या चौकटींची रांग दिसते आणि मागे पडते. जो थांबतो तो पंधरा-वीस मिनिटे पायऱ्या चढून वर जातो, आणि कोणत्याही केंद्रीय संरक्षित स्मारकाप्रमाणे येथेही त्याची पहिली गाठ पडते ती निळ्या फलकाशी, ज्यावर स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होईल असे बजावलेले असते. कायदा आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. पण घरी आलेल्या पाहुण्याशी पहिले वाक्य तुरुंगाचे बोलावे, तसा हा प्रकार होतो. पुढे ओसरीत ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसतात, त्या वाचता येत नाहीत, आणि त्यांत काय लिहिले आहे हे तेथल्या तेथे समजावे अशी व्यवस्था अपुरी असल्यामुळे पाहणारा खांबांवरची शिल्पे पाहतो, छायाचित्र काढतो आणि उतरतो. त्याची काही चूक नाही. ज्या लेण्यांचे सर्वांत मोठे वैभव शिलालेख हे आहे, ती लेणी अक्षरओळख नसलेल्या माणसाला वाचून दाखवण्याची सोय नसेल, तर ती पाहून न पाहिल्यासारखीच राहतात.

आणि त्या ओळींत किती विलक्षण मजकूर आहे! तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव कोरवला आहे. ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आणि ज्याने क्षहरातांचा वंश निर्वंश केला, असा तो राजा. त्याच लेण्यात गौतमीपुत्राची राजाज्ञाही आहे, आणि तिची गोष्ट तर आजच्या कोणत्याही तहसील कार्यालयात शोभेल अशी आहे. भिक्षूंना पूर्वी एका गावातले शेत दान दिले होते. पण ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, असे पुढे लक्षात आले. तेव्हा राजाने आणि राजमातेने गोवर्धनच्या अमात्याला कळवले की त्याऐवजी शहराच्या हद्दीवरील आमच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. सरकारी अनुदान कागदावरच राहण्याची परंपरा जुनी आहे, असे म्हणून कोणी हसेल. मला मात्र चूक लक्षात आल्यावर ती दगडात कोरून दुरुस्त करणारे सरकार जास्त लक्षवेधी वाटते. हा प्रसंग चार ओळींच्या मराठीत लेण्याबाहेरच्या एका फलकावर लिहिला, तर शाळेतल्या सहलीची मुलेसुद्धा तेथे थबकतील.

आता बलश्रीच्या लेखाला एक दुसरे टोक आहे, आणि ते डोंगरावर नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. क्षहरातांचा उच्छेद केल्याचा जो दावा आई लेण्यात करते, त्याचा धातूतला पुरावा त्याच जिल्ह्याच्या मातीतून निघाला. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० पासून मुद्राशास्त्राचे संशोधन करणारी संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. नाणे कसे पाडतात, त्यावर दुसऱ्या राजाचा ठसा कसा बसतो, लेण्यांतील लेखांत येणारे कार्षापण हे नाणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी यापेक्षा योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या हजारो गाड्या या वळणावरून जातात. लेणे आणि नाणे एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत. त्यांना जोडणारा रस्ता आहे, वाहन आहे, सुट्टीचा दिवसही आहे. या दोन जागा एकाच गोष्टीच्या आहेत हे सांगणारे कोणी रस्त्यावर नाही, एवढीच उणीव आहे.

सिन्नरचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे रस्त्याने स्वतःच स्थळाला दूर केले. नाशिक–पुणे रस्ता पूर्वी सिन्नर गावातून जात असे. बसथांब्यावर उतरलेला माणूस पायी गोंदेश्वराच्या देवळापर्यंत जाऊ शकत असे. यादवकालीन वास्तुकलेतील हे पंचायतन मंदिर महाराष्ट्रातल्या भूमिज शैलीच्या उत्तम नमुन्यांपैकी एक आहे: उंच जगतीवर मधोमध महादेवाचे मुख्य देऊळ, समोर नंदीमंडप, चार कोपऱ्यांना चार उपमंदिरे आणि शिखरावर ओळीने रचलेल्या छोट्या शिखरांच्या माळा. सिन्नर ही सेऊण यादवांची देवगिरीपूर्वीची राजधानी होती, हे कळले की हे देऊळ एका आडगावात कसे, हा प्रश्न उरत नाही. बाह्यवळण झाल्यापासून पुण्याची गाडी गावाला वळसा घालून निघून जाते. बाह्यवळणाविरुद्ध माझी तक्रार नाही. गावातली कोंडी आणि अपघात कमी होणे ही मोठी गोष्ट आहे. ज्या दिवशी गावाबाहेरून रस्ता काढण्याचा आराखडा झाला, त्याच दिवशी बाह्यवळणाच्या दोन्ही तोंडांवर मंदिराकडे नेणाऱ्या तपकिरी पाट्या, मंदिराजवळ बस आणि मोटारींसाठी जागा आणि स्वच्छ प्रसाधनगृह यांचाही आराखडा व्हायला हवा होता. रस्त्याच्या एकूण खर्चात ही रक्कम शोधावी लागली असती, इतकी ती किरकोळ ठरली असती.

त्याच सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट आणि इतर स्फटिक तेथे पाहायला मिळतात. गोंदेश्वराचा दगड आणि हे स्फटिक एकाच लाव्ह्यातून आलेले आहेत. शिर्डीला जाणारी कुटुंबे या भागातून जात असतात, आणि त्यांच्यापैकी थोडीच येथे थांबत असतील. यात्रेकरूला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे यात्रा हीच सामान्य माणसाची प्रवासाची मूळ रीत आहे, आणि पूर्वीच्या यात्रेत वाटेवरची देवळे, कुंडे, धर्मशाळा आणि बाजार हे सगळे यात्रेतच धरले जात होते. आता भाड्याच्या गाडीचा दिवस शिर्डी, शनिशिंगणापूर आणि त्र्यंबक अशा तीन दर्शनांत विभागलेला असतो, आणि त्यात एक तास जास्तीचा मागितला की चालक घड्याळाकडे पाहतो. त्या तासाची किंमत कमी करता येते, ती स्थळ सहज सापडण्याने, गाडी लावायला जागा असण्याने, आणि आत गेल्यावर काहीतरी उमगण्याने.

चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आग्रा महामार्गाच्या इतक्या जवळ आहे की तेथे न थांबण्याला अंतराची सबब सांगता येत नाही. लाकडी काम आणि भित्तिचित्रे पाहण्यासाठी तेवढी वाट वाकडी करावीच. भगूरचे सावरकरांचे जन्मघर, नाशिकपासून जवळचा आणि मोगलांना वर्षानुवर्षे दाद न देणारा रामसेज किल्ला, बागलाणातला साल्हेर (जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी नाशिक जिल्ह्यातला एकमेव) अशी यादी वाढवता येईल. पण याद्या पुष्कळ आहेत आणि त्यांनी कोणाचे पाऊल वळत नाही. म्हणून एका रस्त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे नेला आणि सुमारे पाच वर्षे तो चालू राहिला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आज येवल्यात त्या जागी मुक्तिभूमी हे स्मारक आहे. पंचवटीतून निघून निफाड, विंचूर ओलांडत येवल्याला पोहोचायला मोटारीने दोन तासांच्या आसपास लागतात. काळाराम मंदिर पाहणारा माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात उभारलेले सुंदर देऊळ पाहतो. येवल्याला जाणारा पैठणीच्या खरेदीला जातो. दोघांनाही आपण एकाच घटनेच्या दोन टोकांपैकी एका टोकावर उभे आहोत, याची जाणीव असतेच असे नाही. संग्रहालयातील चौकटीत छायाचित्रे लावून ही साखळी सांगता येते. पण बंद दारापासून परिषदेच्या मैदानापर्यंतचा रस्ता स्वतः कापल्यावर जे समजते, ते चौकटीत बसत नाही. शाळांनी सहलीचा एक दिवस या रस्त्यावर घालवावा, असे मला मनापासून वाटते. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते; ती सवलत जलक्रीडा उद्यानांच्या फेऱ्यांपेक्षा अशा मार्गांवर खर्ची पडली तर बरे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा की ज्याला आवड आहे तो कसाही पोहोचतोच. इतरांसाठी सरकारने का खर्च करावा? हा युक्तिवाद ऐकायला स्वाभिमानी वाटतो, पण तो आवड जन्मतःच असते असे गृहीत धरतो. नाशिककर रविवारी मिसळ खायला शहराबाहेर गाडी काढतो, द्राक्षबागांत जातो, धरणाच्या काठावर जातो; त्याला गाडी काढायचा कंटाळा नाही. मिसळीच्या जागेवर सावली, पाणी, गाडीला जागा आणि मुलांसाठी झोका असतो, म्हणून आजी-आजोबांसह सगळे कुटुंब तेथे जाते. वृद्ध माणूस, लहान मूल आणि स्त्री यांना ज्या ठिकाणी दोन तास सुखाने काढता येत नाहीत, त्या ठिकाणी आवड असलेला एकटा तरुणच पोहोचणार, आणि मग आपण म्हणणार की इतरांना आवडच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोक आले की स्थळाची नासधूस होते. भिंतीवर नावे कोरली जातात, लेण्यात प्लास्टिक पडते, शिल्पाला हात लागून लागून चेहरा झिजतो. हे सगळे खरे आहे. यावर लोकांना दूर ठेवणे हा उपाय नाही, कारण ज्या स्थळाकडे कोणी जात नाही तेथे जुगाराचे अड्डे बसतात, दगड चोरीला जातात आणि अतिक्रमण होते. निर्जनतेने काही वाचलेले नाही. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने नेतात. वाहनांचा धूर आणि गर्दी लेण्यांपासून लांब ठेवण्याचा हा मार्ग रस्त्याच्या नियोजनातूनच आला आहे, आणि नेमके हेच मी म्हणतो आहे. किती गाड्या कोठपर्यंत जाव्यात, वाहनतळ स्मारकापासून किती लांब असावा, चढण कोणत्या बाजूने असावी, हे ठरवणे रस्त्याच्या अभियंत्याचे काम आहे. पुरातत्त्वज्ञाने त्याला मर्यादा सांगावी. स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही मर्यादा पाळूनही सोयी करता येतात, किंबहुना त्या मर्यादेमुळे सोयी योग्य अंतरावर राहतात.

येथे एक भीती नोंदवणे भाग आहे. आपल्याकडे स्थळाचा विकास म्हणजे फरशीचे ठोकळे, रंगीत दिवे, सिमेंटचा हत्ती, हृदयाच्या आकाराची चौकट आणि प्रवेशद्वारावर लोकप्रतिनिधीचे नाव, अशी एक ठरीव कल्पना झाली आहे. गावोगावच्या यादवकालीन देवळांना ऑइल पेंटचा जाड थर देण्यामागेही भक्तीच्या जोडीला हीच हौस असते. रस्त्याच्या अंदाजपत्रकातून अशी कामे होणार असतील, तर पैसे न दिलेले बरे. माझी मागणी पाटी, वाहनतळ, प्रसाधनगृह, पाणी, सावली, उत्तम मराठीतला माहितीफलक आणि वाचून दाखवणारा एक प्रशिक्षित माणूस एवढीच आहे. या शेवटच्या माणसाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. आसपासच्या गावातली इतिहास शिकलेली मुले-मुली या कामासाठी नेमता येतील. त्यांना ब्राह्मीची ओळख आणि मूर्तिशास्त्राचे प्राथमिक शिक्षण द्यायला काही महिने लागतील, आणि त्यांच्या मानधनाला जो खर्च येईल तो एका रोषणाईपेक्षा कमी असेल.

पैशाचा आक्षेप तिसरा. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, हे आपले नेहमीचे दुखणे. पुन्हा उषवदाताकडेच जावे लागते, कारण त्याने या दुखण्यावर काढलेला तोडगा त्याच लेण्यात कोरलेला आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर गरजांसाठी त्याने ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा १ या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख म्हणतो; २००० वर महिना शेकडा १ म्हणजे वर्षाला बरोबर २४०. हिशेब चोख आहे. शिवाय ही व्यवस्था निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवली गेली आणि तिची नोंद केली गेली, असेही तेथेच लिहिले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर कायम ठेव, स्थानिक व्यावसायिकांच्या संस्थेकडे गुंतवणूक, ठरलेला व्याजदर, ठरलेला विनियोग आणि जाहीर वाचन. प्रत्येक मोठ्या रस्तेप्रकल्पात बांधकाम खर्चाचा एक लहानसा ठरावीक हिस्सा असाच मुद्दलाला हात न लावता ठेवला आणि त्याचे व्याज त्या रस्त्यावरच्या स्थळांच्या साफसफाईला, पाट्यांना आणि मार्गदर्शकांच्या मानधनाला लावले, तर दर वर्षी अधिवेशनात पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागणार नाही. हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

वेगाबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता असल्याने वाटेल तेथे थांबता येत नाही. लासलगावचा कांदा, पिंपळगावची द्राक्षे आणि रुग्णवाहिका यांना वेग हवा आहे. त्याला नाक मुरडण्याची चैन मला परवडणारी नाही. परंतु अशा रस्त्यावर उतरण्याची ठिकाणे मोजकी असतात, आणि म्हणूनच प्रत्येक इंटरचेंजवर व विश्रांतिस्थळावर त्या परिसरात काय आहे ते सांगणे अधिक आवश्यक होते. हाच रस्ता बुलढाणा जिल्ह्यातून जातो, जेथे जिजाऊंचे सिंदखेडराजा आणि लोणारचे विवर आहे; तो छत्रपती संभाजीनगरजवळून जातो, जेथे वेरूळ आणि देवगिरी आहे. विश्रांतिस्थळावर इंधन आणि खाद्यपदार्थ यांच्या बरोबरीने एक लहानशी खोली त्या पट्ट्याच्या इतिहासासाठी राखावी: चार फलक, एक मोठा नकाशा, काही शिल्पांच्या प्रतिकृती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय भरवून ते गावोगावी नेले आहे. बसच्या लांबीत जे मावते, ते विश्रांतिस्थळाच्या खोलीत मावायला हरकत नसावी.

संग्रहालयांच्या वेळापत्रकाबद्दल मात्र रस्ते विभागाला काही करता येणार नाही. ते त्या त्या संस्थेने आणि शासनाने करायचे आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे माहीत नसलेली कुटुंबे दर आठवड्याला बंद फाटकापुढे उभी राहतात. एक दिवस बंद ठेवणे समजण्यासारखे आहे, पण ज्या संग्रहालयांना सरकारी सुट्ट्या लागू आहेत ती नेमकी लोकांना सवड असते त्या दिवशी बंद राहतात. सणाच्या दिवशी उघडे ठेवून कर्मचाऱ्यांना बदली रजा देणे ही काही अवघड व्यवस्था नाही. एसटी आणि रुग्णालये ती कायम करत आली आहेत. आणि बंद असण्याचा दिवस स्थळाच्या दारावर लिहिण्याऐवजी महामार्गावरच्या पाटीवर लिहावा, म्हणजे निदान वळसा तरी वाचेल.

आतापर्यंत नावाजलेल्या स्थळांविषयी लिहिले. खरी हानी होते ती बिननावाच्या अवशेषांची. रुंदीकरणात रस्त्याकडेची बारव बुजते, वीरगळ उपटून जवळच्या मारुतीच्या पारावर आडवी टाकली जाते, सतीशिळा भरावात जाते, जुन्या धर्मशाळेची भिंत दुभाजकाच्या आड येते. यांपैकी बहुतेक गोष्टी कोणत्याही संरक्षित यादीत नसतात, त्यामुळे त्या गेल्याची नोंदही होत नाही. रस्त्याच्या आखणीपूर्वी झाडे मोजली जातात, जमिनीचा सातबारा तपासला जातो, मातीची चाचणी होते. त्याच पाहणीत अशा अवशेषांची गावनिहाय नोंद छायाचित्रांसह घेतली, तर त्यांपैकी निम्मे तरी दोन-चार मीटर आखणी सरकवून वाचतील, आणि जे वाचणार नाहीत ते तालुक्याच्या ठिकाणी नीट उभे करता येतील. खुद्द नाशिक शहरात गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०–५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांच्या उत्खननाने ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आणले. त्या उंचवट्यावर लोक राहतात आणि पावसाळ्यात त्याची माती ढासळते. रामकुंडावर येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या नजरेच्या टप्प्यात नाशिकच्या सर्वांत जुन्या वस्तीचा पुरावा आहे, आणि त्याच्याकडे आपण फक्त दरडीचा धोका म्हणून पाहतो. तेथील कुटुंबांचे सुरक्षित पुनर्वसन आधी, हे उघड आहे. पण पुनर्वसनानंतर ती जागा काँक्रीटच्या भिंतीआड जाणार की तिचे थर लोकांना पाहता येतील असे राखले जाणार, हे घाटांचा आराखडा करतानाच ठरले पाहिजे.

सिंहस्थासाठी येणारी वाहने शहराबाहेर अडवून भाविकांना बसने आत आणण्याची पद्धत नाशिकला ठाऊक आहे. हे बाहेरचे वाहनतळ मुंबई, पुणे, त्र्यंबक, धुळे आणि छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर असतात, म्हणजे पांडवलेणी, गोंदेश्वर, अंजनेरी, चांदवड आणि येवला यांच्याच दिशांना. तेथे तासन्‌तास थांबणाऱ्या माणसांना त्या त्या दिशेच्या स्थळाची माहिती आणि पर्वणी सोडून इतर दिवशी तेथपर्यंत जाणारी बस देणे, हे वाहनतळाच्या निविदेत दोन कलमे वाढवण्याइतके काम आहे. रस्त्यांच्या निविदांतही पोचरस्ता, पाट्या आणि अवशेषांची पाहणी ही कलमे काम सुरू होण्याआधीच घालावी लागतील, कारण एकदा दुभाजक बांधला, सर्व्हिस रोडची हद्द ठरली आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल निघाले, की लेण्याकडे वळायला जागा ठेवण्यासाठी पुन्हा भूसंपादन, पुन्हा मंजुरी आणि पुन्हा खोदकाम करावे लागते, आणि मग ते कोणीच करत नाही.